प्रशिक्षकाचं काम नेमकं कोणतं?

आमच्या शाळेत पीटीचे एक सर होते. तालुक्याच्या गावातली शाळा, साल १९८४ असेल किंवा ८५. शाळेचा खो-खोचा संघ त्यांनी शून्यातून उभा केला होता. एका सकाळी सराव चालू असताना सर मैदानावर कोसळले. हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस आला. कुणीतरी समोरच्या घरातून कांदा फोडून आणला, कुणी पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. अर्ध्या तासानं सर भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डाव कुणाचा राहिला होता?"

पुढच्या सोमवारी सरांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. त्यांच्याकडे वाचनालयाच्या कपाटांच्या किल्ल्या आल्या होत्या. पगार तोच, मस्टरवरचा हुद्दाही तोच. संघ गणिताच्या सरांकडे गेला. कुणीही वाईट बोललं नाही. सगळे म्हणत होते, सरांच्या तब्येतीसाठीच केलंय हे.

सरांच्या कामातलं नेमकं कोणतं काम त्या तीन मिनिटांमुळे त्यांना जमणार नव्हतं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मलाही तो बऱ्याच वर्षांनी सुचला, तोही अमेरिकेतल्या एका प्रशिक्षकाविषयी वाचताना. हा प्रश्न तिथं चक्क कायद्यात लिहून ठेवलेला आहे. तो कायद्यात आला कसा, आणि आल्यावर त्याचं पुढं काय झालं, त्याची ही हकिगत.

१० सप्टेंबर २०११, शनिवार. मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा त्या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना. (फुटबॉल म्हणजे त्यांचं, लांबुळका चेंडू काखेत धरून पळायचं.) समोर न्यू मेक्सिको स्टेट हा तुलनेनं दुबळा मानला जाणारा संघ, तरी तोच सात गुणांनी पुढे. खेळ संपायला वीस सेकंद उरलेली, आणि मिनेसोटाचे नवे मुख्य प्रशिक्षक जेरी किल सीमारेषेपाशी कोसळले. हजारो प्रेक्षकांसमोर आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्यांना अपस्माराचा झटका आला. स्टेडियम चिडीचूप झालं. त्यांना रुग्णालयात हलवलं, उरलेली वीस सेकंदं खेळून झाली, मिनेसोटा २१-२८ असा हरला. पुढच्या शनिवारी किल पुन्हा सीमारेषेवर उभे होते.

किल कॅन्ससचे. छोट्या कॉलेजांतून एकेक पायरी चढत वर आलेले. विद्यापीठाला त्यांच्या आजाराची कल्पना नव्हती असं नाही. २००५मध्ये ते सदर्न इलिनॉयचे प्रशिक्षक असताना असाच सामन्याच्या शेवटी झटका आला होता आणि त्यानंतरच्या तपासण्यांत मूत्रपिंडाचा कर्करोग सापडला होता. तो वेळेत सापडला म्हणून ते वाचले. म्हणजे त्या एका झटक्यानं त्यांचा जीव वाचवला, असंही म्हणता येईल.

मिनेसोटात २०१२च्या मोसमात झटके आले. एकदा सामन्यानंतर, एकदा मध्यंतरात. १४ सप्टेंबर २०१३ रोजी वेस्टर्न इलिनॉयविरुद्धच्या सामन्यात पुन्हा मध्यंतरात. उत्तरार्ध सहायकांनी सांभाळला, सामना जिंकला. लगेच 'स्टार ट्रिब्यून' या तिथल्या मोठ्या दैनिकात एक स्तंभ छापून आला. त्याचा आशय असा, की अशा माणसाला विद्यापीठानं आपल्या संघाचा चेहरा म्हणून ठेवू नये. तिकीट काढून आलेल्या लोकांना जमिनीवर तडफडणारा माणूस बघावा लागू नये.

या स्तंभावर तिथं बराच गदारोळ झाला. पण तो लिहिणाऱ्याला नुसतं दुष्ट ठरवून पुढे जाणं सोपं आहे, आणि त्यात एक गोष्ट निसटते. किल यांना कोणतं काम जमत नाही, हा त्याचा मुद्दाच नव्हता. मुद्दा होता तो बघणाऱ्यांना काय वाटतं हा. आणि गंमत अशी, की याच मुद्द्याला नोकरीच्या निर्णयातून बाहेर काढण्यासाठी अमेरिकेनं काही दशकं घालवली होती.

त्याआधीचा इतिहास फार सुखावह नाही. कनेक्टिकट राज्यानं १८९५मध्ये अपस्मार असलेल्यांच्या लग्नावर बंदी घातली, आणि इतर राज्यांनीही तो कित्ता गिरवला. व्हर्जिनियात तर 'एपिलेप्टिक आणि फीबलमाइंडेड' लोकांसाठी म्हणून सरकारी वसाहतच होती. १९२७च्या ज्या कुप्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, तो खटला याच वसाहतीतल्या कॅरी बक या तरुणीचा. तिला अपस्मार नव्हता, पण वसाहतीच्या पाटीवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते, आणि समाजाच्या डोक्यातही ते तसेच होते.

आता टोनी कोएलो या माणसाकडे येऊ. आडनाव वाचून गोव्यातल्या वाचकांचे कान टवकारतील, पण हे कोएलो कॅलिफोर्नियातले, पोर्तुगीज वंशाच्या दूधव्यवसायी कुटुंबातले. शाळकरी वयात ट्रकच्या अपघातात डोक्याला मार लागला, मग झटके सुरू झाले. त्याचं खरं नाव मात्र त्यांना १९६४पर्यंत कळलं नाही. कॉलेज संपवून त्यांना पाद्री व्हायचं होतं. त्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी अपस्माराचं निदान केलं, आणि एका दिवसात सगळं फिरलं. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेनुसार अपस्मार असलेल्याला दीक्षा मिळत नसे. ड्रायव्हिंग लायसन्स गेलं, विमा गेला. घरच्यांना वाटलं, पोराला सैतानानं झपाटलंय. त्या काळात आत्महत्येचे विचार मनात येत होते, हे कोएलोंनी पुढे जाहीरपणे सांगितलं. काही काळ ते बॉब होप या विनोदी नटाच्या घरी राहिले; लोकांची सेवाच करायची तर राजकारणात जा, हा सल्ला त्यांना तिथं मिळाला.

१९७८मध्ये ते काँग्रेसवर निवडून आले. एप्रिल १९८८मध्ये 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट'चं पहिलं विधेयक प्रतिनिधिगृहात मांडलं ते त्यांनीच. कायदा होईपर्यंत ते सभागृहात उरले नव्हते; एका आर्थिक व्यवहारावरून वाद झाला आणि जून १९८९मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २६ जुलै १९९० रोजी थोरल्या बुशनी कायद्यावर सही केली.

या कायद्याचा नोकरीविषयीचा भाग वाचला तर एका गोष्टीचं कौतुक वाटतं. अपंग माणसाला दया दाखवा, असं तो कुठंच म्हणत नाही. तो मालकाला कामाची यादी करायला लावतो. या नोकरीतली मूलभूत कामं कोणती आणि किरकोळ कोणती? मूलभूत कामं हा माणूस वाजवी सोयीसह किंवा सोयीशिवाय करू शकतो का? करू शकत असेल, तर त्याला अपंगत्वासाठी काढता येणार नाही. मूलभूत काम कोणतं हे ठरवताना मालकाचं मत विचारात घ्यायचं, आणि जाहिरातीच्या आधी लिहून ठेवलेला कामाचा तपशीलही. झटका आल्यानंतर सुचलेल्या कर्तव्यांना त्यामुळे आपोआपच कमी वजन येतं. आमच्या सरांच्या शाळेत असा कागद कुणी मागितला असता तर काय निघालं असतं, याचं मला अजूनही कुतूहल आहे.

धोक्याचा प्रश्नही कायद्यानं टाळलेला नाही. इतरांच्या सुरक्षिततेला मोठा धोका असेल आणि सोय करूनही तो टळत नसेल, तर मालक नकार देऊ शकतो. पण धोका किती काळचा, किती गंभीर, किती संभाव्य आणि किती नजीकचा, हे त्या माणसाच्या बाबतीत तपासावं लागतं. 'अशा लोकांचं काही सांगता येत नाही' एवढ्यावर भागत नाही. ही मोजपट्टी मूळची १९८७च्या एका निकालातली. तो खटला फ्लॉरिडातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा होता. क्षयरोग उलटल्यामुळे तिला शाळेनं काढलं होतं. त्या निकालात न्यायालयानं जाता जाता म्हटलं होतं, की अपस्मार, कर्करोग यांसारख्या न लागणाऱ्या रोगांच्या माणसांनाही लोकांच्या अकारण भीतीपायी भेदभाव सोसावा लागला आहे.

कागदावर हे छान होतं. कोर्टात मात्र तसं घडलं नाही. व्हर्जिनियातल्या एका बुटांच्या दुकानातल्या विक्रेत्याला झटके येत म्हणून नोकरीवरून काढलं. दुकानाचं म्हणणं, गल्ल्याकडे आणि मालाकडे लक्ष ठेवणं हेही विक्रेत्याचं मूलभूत काम आहे, आणि झटका आला की दुकान उघडं पडतं. १९९७मध्ये अपील न्यायालयानं हे मान्य केलं. त्याच्या जोडीला दुसरा माणूस ठेवणं ही वाजवी सोय नव्हे, असंही ठरलं.

त्याहून मोठा तडाखा १९९९मध्ये बसला. वैमानिक होऊ पाहणाऱ्या दोन जुळ्या बहिणींना चष्म्याच्या नंबरामुळे विमान कंपनीनं नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अपंगत्व मोजायचं ते चष्मा लावून. चष्मा लावून दिसतं ना, मग या अपंग नाहीत आणि कायदा यांना लागू नाही. बहिणींचं प्रकरण फार कुणाच्या जिव्हारी लागलं नसेल, पण हाच नियम अपस्माराला लावल्यावर काय होतं बघा. गोळ्यांनी झटके आटोक्यात असतील तर तुम्ही अपंग नाही, म्हणून संरक्षण नाही. आटोक्यात नसतील तर तुम्ही कामाला अयोग्य, म्हणूनही संरक्षण नाही. त्याच वर्षी टेक्ससमध्ये खेळाचं साहित्य विकणाऱ्या दुकानातल्या एका कामगाराच्या बाबतीत हेच झालं. गोळ्या चालू असूनही त्याला काही सेकंदांचे झटके येत, तरी तो कायद्याच्या अर्थानं अपंग नाही असं जिल्हा न्यायालयानं ठरवलं. जो कायदा अपस्मार असलेल्या माणसानं पहिल्यांदा मांडला, त्याच कायद्यातून अपस्मार असलेली माणसं बाहेर फेकली गेली.

ही चूक दुरुस्त व्हायला नऊ वर्षं लागली. सप्टेंबर २००८मध्ये धाकट्या बुशनी दुरुस्ती कायद्यावर सही केली. औषध, चष्मा वगैरेंचा फायदा बाजूला ठेवून अपंगत्व बघायचं, आणि अधूनमधून उसळणारा आजार उसळतो तेव्हा कसा असतो यावरून तो मोजायचा, हे त्यात स्पष्ट लिहिलं. १ जानेवारी २००९पासून ते लागू झालं. जेरी किल मिनेसोटात आले २०११च्या मोसमासाठी. दहा वर्षं आधी आले असते, तर कायद्याचा फारसा आधार त्यांना मिळाला नसता.

आता त्या स्तंभाकडे परत येऊ. किल यांचं मूलभूत काम कोणतं होतं? अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक आठवडाभर चित्रफिती बघतो, डावपेच आखतो, सहायक निवडतो, राज्योराज्यी फिरून शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांना पटवतो, देणगीदारांसमोर भाषणं करतो. सामने मोसमात बारा-तेरा, आणि सामन्यातही आक्रमणाचे आणि बचावाचे डाव वेगवेगळे सहायक सांगत असतात. किल यांचे सहायक त्यांच्यासोबत एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेलेले. बचावाचे प्रमुख ट्रेसी क्लेज १९९०च्या दशकापासून बरोबर. अशा संघाला दोन मिनिटांच्या झटक्यानं फार तर मुख्य प्रशिक्षक दिसेनासा होतो. काम थांबत नाही.

५ ऑक्टोबर २०१३ला सामन्याच्या दिवशीच झटका आला म्हणून किल मिशिगनला जाऊ शकले नाहीत. तो सामना संघ हरला. १० ऑक्टोबरला त्यांनी उपचारांसाठी रजा घेतली. क्लेज हंगामी प्रमुख झाले आणि संघानं लागोपाठ चार सामने जिंकले, त्यातला एक नेब्रास्काविरुद्धचा. किल परतले ते सीमारेषेवर नाही, तर वर प्रेस बॉक्समध्ये. गोंगाट कमी, ऊन नाही, धक्काबुक्की नाही. वाजवी सोय म्हणतात ती हीच: एक खुर्ची, एक हेडफोन आणि विश्वासाचा सहकारी. पुढच्या वर्षी ते बिग टेन या आपल्या संघगटातले वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, आणि १९६२नंतर पहिल्यांदाच मिनेसोटा नववर्षाच्या दिवशीच्या मानाच्या सामन्यात उतरला.

हे सगळं कुठल्याही कोर्टात गेलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. विद्यापीठ त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. पण मला राहून राहून तो बुटांच्या दुकानातला विक्रेता आठवतो. किल यांच्या जोडीला माणूस आधीपासून होता, कारण त्या पदाला सहायकांचा ताफा मिळतोच. विक्रेत्यासाठी दुसरा माणूस मागितला तर तो अवाजवी. नोकरी जितकी मोठी तितकी त्यातली कामं वाटून देता येण्यासारखी, आणि जितकी लहान तितकं सगळंच 'मूलभूत'. कायद्याच्या शब्दांत हा भेद कुठंच नाही, पण व्यवहारात तो असतो.

प्रत्येक प्रशिक्षकाचं उत्तर एकच असेल असंही मी म्हणणार नाही. तलावाच्या काठावर एकट्यानं वीस पोरांवर लक्ष ठेवणारा पोहण्याचा प्रशिक्षक, किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये उलटी मारणाऱ्या मुलीला हातानं आधार देणारी प्रशिक्षिका, यांच्या बाबतीत दोन मिनिटं म्हणजे खूप मोठा वेळ. तिथं धोका खरा आहे. पण तिथंही आधी हे विचारायला हवं, की वीस पोरांमागे काठावर मुळात एकच माणूस का आहे? त्या एकट्याला साधी चक्कर आली तरी काय होणार? अमेरिकेतल्या शाळांत प्रशिक्षकाला पुष्कळदा संघाची गाडीही चालवावी लागते. अपस्मार असलेल्याला ते जमणार नाही, पण गाडी चालवणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ते दुसऱ्याला देता येतं.

२८ ऑक्टोबर २०१५ रोजी, ऐन मोसमात, किल यांनी पत्रकार परिषदेत रडत रडत राजीनामा दिला. वय ५४. झटके परत सुरू झाले होते, आठवडेच्या आठवडे धड झोप नव्हती. अपुरी झोप हे झटक्यांचं जुनं, ठाऊक असलेलं निमित्त. त्या नोकरीत मात्र रात्री जागून चित्रफिती बघणं हेच निष्ठेचं लक्षण मानलं जातं. इथं कायद्याची मर्यादा दिसते. मूलभूत कामांची यादी तो तपासतो. ती कामं दिवसाच्या सोळा तासांत का कोंबली, हे विचारणं त्याच्या हद्दीत येत नाही. निदान अजून आलेलं नाही.

आपल्याकडे काय? एक उदाहरण पुरे. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीनं वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटके आणून बसवले आणि असा माणूस लग्नाला अपात्र ठरवला. व्हर्जिनियातल्या वसाहतीची पाटी इथं अर्ध्या शतकानं आली म्हणायची. तो शब्द काढला गेला १९९९मध्ये. नोकरीच्या बाबतीत, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आहे, हिमोफिलिया आहे, अपस्मार नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेनं त्या माणसाला काढू नये की खालच्या पदावर ढकलू नये, असं कलम त्यात आहे. पण यादीत नाव नसलेल्या पीटीच्या सरांनी त्या कलमाकडे बोट कसं दाखवायचं? एक कोटीहून अधिक भारतीयांना हा आजार असावा असा अंदाज नेहमी दिला जातो, आणि योग्य औषधं मिळाली तर दहातल्या सातजणांचे झटके थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या तिघांचं काय, आणि सातांपैकी जे नोकरी जाईल म्हणून गोळ्या लपवून घेतात त्यांचं काय?

आणि तरीही मुंबईनं एक वेगळं उदाहरण पाहिलेलं आहे. १४ नोव्हेंबर १९९३ला ब्रेबर्नवर हिरो कपच्या सामन्यात जाँटी ऱ्होड्सनं वेस्ट इंडीजचे पाच झेल टिपले, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी दुसऱ्या दिवशी अंगणात उड्या मारून गुडघे फोडून घेतले. आपल्याला सौम्य अपस्मार आहे हे ऱ्होड्सनं कधी लपवलं नाही. पुढे २००९पासून कित्येक मोसम तो मुंबई इंडियन्सचा क्षेत्ररक्षण प्रशिक्षक होता. वानखेडेवर त्याच्याकडे बघून कुणाला कांदा-चप्पल आठवली नसेल. अर्थात, झटके क्वचित आणि नाव जगभर गाजलेलं. सरांना यातलं काहीच नव्हतं.

किल यांची गोष्ट २०१५ला संपायला हवी होती, पण ती संपली नाही. २०१७मध्ये रटगर्सला आक्रमणाचे प्रमुख म्हणून गेले. तिथंही झटका आला आणि वर्षअखेर सोडावं लागलं. मग कुठं प्रशासनात, कुठं सल्लागार, २०२१मध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठात थोडे आठवडे हंगामी प्रमुख. त्यानंतर साठी ओलांडलेल्या या माणसाला पुन्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलं ते न्यू मेक्सिको स्टेटनं. सगळ्यांना आजार ठाऊक असताना, सगळ्या चित्रफिती इंटरनेटवर असताना. २०२३मध्ये त्या संघानं दहा सामने जिंकले आणि बलाढ्य ऑबर्नला त्यांच्याच घरात ३१-१० असं हरवलं.

त्याआधी, १ सप्टेंबर २०२२च्या संध्याकाळी, न्यू मेक्सिको स्टेटचा संघ मिनियापोलिसला खेळायला आला. अकरा वर्षांत स्टेडियमचं नाव बदललं होतं. मैदान तेच, संघही तेच दोन. किल या वेळी समोरच्या, पाहुण्यांच्या सीमारेषेवर उभे होते. मिनेसोटानं ३८-० असा सामना जिंकला, आणि किल शेवटच्या सेकंदापर्यंत तिथं उभे होते.